खटका

१

त्याला सगळे बंब म्हणत. आईबापांनी ठेवलेलं नाव आता फक्त बँकेला ठाऊक होतं. लोकांची घरं गार करायची हा त्याचा धंदा, आणि स्वतः मात्र सकाळी एकदा पेटला की अंथरुणाला पाठ टेकेपर्यंत धुमसत राहायचा. पार्टवाल्या दुकानदाराने हा विनोद इतक्या वेळा केला होता की आता त्यावर तो दुकानदारही हसत नसे.

बंबाला चीड कशाचीही येई, पण परत आलेल्या कामाची सगळ्यात जास्त. दुरुस्त करून दिलेला एसी पुन्हा बिघडला असा फोन आला की भर रस्त्यात कुणी थोबाडीत मारल्यासारखा त्याचा चेहरा व्हायचा. त्या दिवशी तो फोन मेहुण्याने घेतला. मेहुणा म्हणजे बायकोचा भाऊ आणि कामातला जोडीदार. वयाने चाळिशीला टेकलेला, तरी भावजींसमोर तोंड उघडण्याआधी आवंढा गिळणारा.

"भावजी, त्या शिवणकामवाल्या बाई. त्यांचा एसी परत तसंच करतोय."

"तसंच म्हणजे कसं?"

"रिमोटने आतलं बंद होतं, पण बाहेरचं मशीन चालूच राहतं. थांबतच नाही."

"परवा तूच गेला होतास ना? काय दिवे लावलेस?"

"कॉन्टॅक्टरमध्ये मुंग्या शिरून जळाल्या होत्या. साफ केल्या, चालवून पाहिलं. नीट बंद झालं."

"मुंग्या झाडायला झाडूवाला पुरतो. कॉन्टॅक्टर बदलायचा होतास, मूर्खा."

कॉन्टॅक्टर म्हणजे बाहेरच्या मशीनमधला साबणाच्या वडीएवढा काळा ठोकळा. त्याच्या पोटात तारेची कॉइल. आतून हुकूम सुटला की कॉइलमध्ये वीज येते, कॉइलचं चुंबक होतं, मधला खटका टक् करून आत ओढला जातो आणि मशीन सुरू होतं. हुकूम संपला की स्प्रिंग खटक्याला बाहेर फेकते आणि मशीन थांबतं. यात न समजण्यासारखं काही नाही. आयुष्यात बंबाने असले ठोकळे पोत्याने बदलले होते.

त्याने नवा कॉन्टॅक्टर पिशवीत टाकला, मेहुण्याला दुकानात बसवलं आणि तणतणत स्वतः निघाला.

२

बाईंनी दार उघडलं ते गळ्यात मापाची फीत आणि ओठांत टाचण्या धरूनच. टाचण्या काढून त्यांनी एकेक करून उशीला टोचल्या. मग म्हणाल्या, "तुमचा तो माणूस म्हणाला होता, आता वर्षभर बघायला नको. यंदा वर्ष फार लवकर संपलं."

"मशीन कुठे आहे ते दाखवा, बाई. टोमणे नंतर मारा."

"मागच्या खोलीत चला. पाय पुसून."

पुढच्या खोलीत शिलाई मशीन, अर्धवट शिवलेले कपडे, कापडांचे ढीग. तिथे पंखा गरम हवाच ढवळत होता. बाहेर रस्त्याचं डांबर चपलेला चिकटत होतं. बाईंनी मागच्या खोलीचं दार ढकललं आणि बंबाच्या घामेजल्या मानेवर थंडीचा असा झोत आला की त्याने नकळत खांदे आवळले.

पलंगावर एक म्हातारी होती. अंगावर गोधड्यांचा ढीग, डोक्याला लोकरीचा रुमाल. बाई म्हणाल्या, "ही माझी थोरली बहीण. ताई. हिचे हातपाय गेलेत, वाचाही गेली. हिला उकाडा सोसत नाही म्हणून दुपारपुरता एसी घेतला, आणि आता तोच हिच्या मुळावर उठलाय. रात्री हिचे दात वाजतात. एसीला वेगळं बटण नाही, मेन स्विच पाडला तर सगळं घर अंधारात. ती सांगू शकत नाही ना, म्हणून तुम्हा लोकांना काही वाटत नाही."

बंब भिंतीवरच्या एसीकडे पाहत होता. झडप बंद, दिवा बंद, आतला पंखा बंद. फक्त मागून, भिंतीपलीकडून, मशीनची घरघर. एसीच्या जाळीवर बर्फाचा पापुद्रा धरला होता. ते बरोबर होतं. बाहेरचं चालू, आतलं बंद, म्हणजे बर्फ धरणारच. पण आतला पंखा बंद असेल तर गारवा तिथेच जाळीवर बसून राहायला हवा. तो खोलीभर पसरवणार कोण? इथे तर म्हातारीच्या तोंडातून वाफ निघत होती.

गार हवा जड असते, खाली उतरत असेल, असं त्याने स्वतःला सांगितलं. पटलं नाही, पण पुढे विचार करायला त्याला वेळ नव्हता.

ताईंनी नव्या माणसाकडे पाहिलंही नाही. त्यांची नजर कपाट आणि भिंत यांच्यामधल्या फटीवर होती. बंबाने जाता जाता तिथे डोकावलं. एक गुंडाळलेली चटई होती, दुसरं काही नव्हतं.

३

बाहेरचं मशीन घराच्या मागच्या बोळात होतं. बोळ कसला, घराची भिंत आणि कुंपणाची भिंत यांच्यामधली एक चीर. माणसाने आडवं होऊन, पोट आत घेऊन सरकायचं. ज्याने मशीन इथे बसवलं त्याच्या सात पिढ्यांचा उद्धार करत बंब आत सरकला. मागच्या खोलीची खिडकी मशीनच्या बरोबर वर होती. गजांतून बाईंचा चेहरा दिसत होता.

झाकण उघडून त्याने आधी कॉइलवर मीटर लावला. शून्य. हुकूम येत नव्हता, पण खटका आत होता.

"बाई, घराचा मेन पाडा," तो ओरडला.

बाई दिसेनाशा झाल्या. थोड्या वेळाने मशीन गप्प झालं. आता कुठेच वीज नव्हती. खटका तरीही आतच.

"चिकटलाय," बंब स्वतःशी म्हणाला, आणि त्याला बरं वाटलं. कॉन्टॅक्टरचे आतले पॉइंट ठिणग्यांनी वितळून एकमेकांना चिकटतात, हा नेहमीचा रोग. त्याने स्क्रू ड्रायव्हरचं टोक खटक्याखाली घालून वर उचललं. चिकटलेला खटका कडकन तुटून सुटतो. हा तसा सुटला नाही. तो मऊपणे, थोडा विरोध करत वर आला, झोपेतल्या माणसाचा हात आपल्या अंगावरून उचलावा तसा. मग स्प्रिंगने झटका दिला. टक्.

त्याने ठोकळा काढून उलटासुलटा केला. पॉइंट लख्ख होते. वितळल्याची खूण नव्हती, मुंगीचा पायही नव्हता.

त्याचा पारा चढला. जुना पिशवीत फेकून त्याने नवा बसवला. मेन लावून घेतला. बाईंकडून रिमोटने चालू करवलं, बंद करवलं, परत चालू, परत बंद. प्रत्येक वेळी खटका शिपायासारखा आत-बाहेर झाला.

"आता बोला," तो पुढच्या खोलीत येऊन म्हणाला.

"उद्या बोलते," बाई म्हणाल्या.

४

आणि दुसऱ्या दिवशी बोलल्याच. बंब जेवत होता. त्याने ताट बाजूला सारलं ते पाहून बायको म्हणाली, "अन्नावर कशाला राग?" तो पायात चपला अडकवून निघाला.

वाटेत त्याची खात्री पटत गेली की ही म्हातारपणाकडे झुकलेली बया काहीतरी चाळे करते आहे. लोक करतात. एकटेपणाने करतात, वेळ जात नाही म्हणून करतात. आज तिला रंगेहाथ पकडायचं, असं ठरवूनच तो बोळात शिरला. या वेळी त्याने कॉइलच्या दोन्ही तारा सोडवून टाकल्या. हुकूम पोचायची वाटच बंद. झाकण उघडं ठेवलं, मेन लावायला सांगितलं आणि भिंतीला पाठ टेकून तो खटक्यावर नजर रोखून उभा राहिला.

बाई खिडकीत येऊन उभ्या राहिल्या. रिमोट त्यांच्या हातात होता.

"तो रिमोट खाली ठेवा," बंब म्हणाला.

"का? मी चोर आहे?"

"तुम्हीच काहीतरी दाबता, असा माझा संशय आहे."

"त्या पेटीत इथून हात घालायला माझे हात काय बांबूचे आहेत?" बाईंनी रिमोट खिडकीच्या कट्ट्यावर आपटला. "माझी बहीण इथे कुडकुडून मरायला टेकली आहे आणि हा माणूस माझ्यावर संशय घेतो. स्वतःला काम येत नाही ते कबूल करा आणि चालते व्हा."

"काम मला येतं. तुमच्यासारखी..."

तो तिथेच थांबला. खटका हलत होता.

चुंबक एकतर ओढतं नाहीतर ओढत नाही. मधली वाट त्याला ठाऊक नसते. हा खटका हळूहळू आत जात होता. पिकलंय का पाहायला एखादं फळ अंगठ्याने दाबावं, तसा. थोडा थांबला, परत खाली. पॉइंट जवळ आले, निळी ठिणगी चरचरली, आणि मशीन घरघरत सुरू झालं.

बंबाने विचार केला नाही. स्क्रू ड्रायव्हरची प्लास्टिकची मूठ खटक्याखाली सारून त्याने जोराने वर रेटलं. खटका वर आला, मशीन अडखळलं. आणि वरून जोर वाढला. त्याने दात आवळून रेटा दिला, पलीकडून तितकाच रेटा आला, आणि मग त्याच्यापेक्षा जास्त. मूठ त्याच्या तळव्यात रुतली. बंबाला आयुष्यभर एकच गोष्ट नीट ओळखता येत होती, आणि ती त्याने मुठीतून ओळखली. पलीकडे जे होतं ते चिडलं होतं. कुणीतरी मध्ये हात घातला म्हणून.

"मेन पाडा," तो कसाबसा म्हणाला.

मशीन थांबल्यावर बाई परत खिडकीत आल्या. त्यांनी फक्त त्याचा चेहरा पाहिला होता. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

"पार्ट खराब निघाला," बंब म्हणाला.

त्याने कॉन्टॅक्टर मुळासकट उपटला. जाड तारांची दोन उघडी टोकं उरली, ती एकमेकांपासून लांब वाकवून प्रत्येकीवर टेप गुंडाळली आणि झाकण लावलं. ही दोन टोकं एकत्र आल्याशिवाय मशीन सुरू होणं शक्य नव्हतं.

"नवा पार्ट मिळेपर्यंत बंदच राहील," त्याने सांगितलं. "आता तुमची बहीण गारठायची नाही."

५

दुकानात त्याने तो ठोकळा मेहुण्यासमोर खोलून टाकला. कॉइल, स्प्रिंग, पॉइंट, सगळं टेबलावर मांडलं. मेहुण्याने प्रत्येक तुकडा उजेडात धरून पाहिला.

"भावजी, यात तर काहीच नाही."

"ते मला दिसतंय."

"मग परत का आणलात?"

बंबाने त्याच्या अंगावर खेकसायला तोंड उघडलं आणि मिटलं. भावजी खेकसले नाहीत याचीच मेहुण्याला जास्त भीती वाटली.

मनात तो कारणं जुळवत राहिला. उन्हाने प्लास्टिक फुगलं असेल. स्प्रिंग मऊ पडली असेल. दोन दिवस नीट जेवण नाही, हात थरथरला असेल. कारणं चांगली होती. फक्त तळव्यावरचा मुठीचा वळ अजून गेला नव्हता.

उन्हं उतरायच्या आत बाईंचा फोन आला.

"सुरू झालंय."

"बाई, त्या मशीनचं काळीज मी काढून आणलंय. इथे टेबलावर आहे. ते सुरू होऊ शकत नाही."

"मी दोरा आणायला कोपऱ्यावर गेले होते. परत आले तर घरघर चालू, आणि ताईची नखं निळी. मी मेन पाडून बसले आहे. पाडला की थांबतं, लावला की सुरू होतं. मी खोटं बोलतेय असं एकदा म्हणून दाखवा." त्यांचा आवाज रागाने चिरकत होता, आणि रागाखाली दुसरंच काही होतं. "या तुम्ही. आत्ताच्या आत्ता या."

६

मेन पाडलेलाच होता. बंबाने तो स्वतः पाहिला, बाईंना म्हणाला, "मी सांगितल्याशिवाय याला हात लावू नका," आणि बोळात सरकला. मशीन गप्प होतं. ऊन कुंपणावरून उतरलं होतं, पण भिंती अजून भाजत होत्या. मशीनच्या पत्र्यावर मात्र दव धरलं होतं.

त्याने झाकणाचे स्क्रू काढले. आत पाहिलं.

गुंडाळलेला टेप सोलून खाली पडला होता, केळ्याच्या सालीसारखा. जाड तारांची ती दोन टोकं, जी त्याने स्वतःच्या हाताने लांब वाकवली होती, ती मधोमध एकत्र आली होती. पिळलेली नव्हती. बांधलेली नव्हती. नुसती एकमेकांवर टेकवून धरलेली होती. सुईत दोरा ओवताना चिमटीत धरतात तशी. चिमूट मात्र नव्हती. तांबं जिथे टेकत होतं तिथे दोन्ही बाजूंनी थोडं चेपलं होतं.

बंबाला राग आला. भीती वाटायला हवी होती, पण त्याच्या घरात भीतीला जागाच कधी नव्हती. तिच्या वाट्याचं सगळं रागच खाऊन टाकायचा. आपल्या कामात, आपण लावलेल्या टेपला, आपल्याला न विचारता हात लावणारं हे कोण? त्याने पक्कड घेतली, एक तार धरली आणि हिसडा दिला.

तार सुटली. सहज सुटली. जणू कुणी म्हणालं, घे.

दोन्ही टोकं लोंबत राहिली. बंबाचा उजवा हात अजून पेटीत होता. त्याने पक्कड काढून घेण्यासाठी मनगट वळवलं, आणि त्याच्या अंगठ्यावर व तर्जनीवर थंडगार दाब आला. बाहेरून, दोन्ही बाजूंनी. पक्कड निसटून पडली. दाब घाईत नव्हता. त्याने ती दोन बोटं जवळ आणली, टेकवली आणि धरून ठेवली. तारा धरल्या होत्या तशीच.

मशीनचा पंखा हलला. आधी एक पातं पुढे सरकलं, मग दुसरं. पोटातून घरघर आली. ती घरघर बंबाच्या बोटांतून, मनगटातून, दातांपर्यंत चढली.

"बाई," तो म्हणाला. "बाई, मेन पाडा."

बाई खिडकीतच होत्या. "मी लावलेलाच नाही," त्या म्हणाल्या.

त्याने सगळं अंग मागे फेकलं. हात सुटला, पत्र्याच्या कडेवर मनगट फाटलं. पंखा उरल्या वेगाने जरासा फिरून थांबला. बंब भिंतीला टेकून धापा टाकत राहिला, आणि तेव्हा त्याला खिडकीतून, बाईंच्या खांद्यावरून, आतली खोली दिसली. कपाट आणि भिंतीमधली फट दिसली. तिथली चटई उभी होती तशीच उभी होती, पण तिच्या पुढचा उजेड आत ओढल्यासारखा कमी होता, साधारण माणसाच्या उंचीइतका. ताई त्या फटीकडेच पाहत होत्या. डोळे मिटायचीही सोय नसलेल्या माणसासारख्या.

"बाई," तो म्हणाला. "कपाटाकडे बघू नका. ताईंच्या पायाकडची चादर धरा. मी आत येतो."

७

दोघांनी ताईंना चादरीसकट उचलून पुढच्या खोलीत आणलं आणि कापडांच्या ढिगावर निजवलं. बाईंनी मागचं दार ओढून कडी घातली. दोघंही एकमेकांवर डाफरले नाहीत. बंबाने रक्ताळलेल्या हातानेच मेनजवळ जाऊन एसीकडे जाणारी तारच कापली, बाईंच्या समोर, आणि तिची टोकं अशी लांब ठेवली की मध्ये माणूस आडवा झोपेल. मशीन उचलून न्यायला दुसऱ्या कुणाला तरी पाठवतो, म्हणाला. ते काम मेहुण्याला सांगायचं त्याच्या जिभेवर बऱ्याचदा आलं. प्रत्येक वेळी त्याने ते गिळलं.

मनगट भरून आलं. अंगठा आणि तर्जनी मात्र गारच राहिली. गरम पाण्यात धरली तरी आत ऊब शिरत नसे. बायकोला त्याने सांगितलं, नस दबली आहे. तिने तेल चोळलं आणि म्हणाली, "हल्ली तुम्ही चिडत नाही. बरं वाटत नाही का?"

सुट्टीच्या दिवशी दुपारी तो जेवून आडवा झाला आणि गाढ झोपला. जाग आली ती बायकोच्या आवाजाने.

"उठा. केव्हाची हाका मारतेय. त्या शिवणवाल्या बाईंचा फोन आहे. हात पसरा, घ्या."

त्याला हात पसरता येईना. उजव्या हाताचा अंगठा आणि तर्जनी एकमेकांवर घट्ट टेकली होती, नखं पांढरी पडली होती.

"हे काय? झोपेत बोटं कसली आवळलीत?" बायको चिडून म्हणाली. तिने फोनचा आवाज मोठा करून तो उशीवर ठेवला आणि दोन्ही हातांनी त्याची बोटं सोडवायला बसली.

"तुम्ही तार कापलीत ना?" फोनमधून बाई म्हणत होत्या. आवाजात राग नव्हता, टोमणा नव्हता. "माझ्यासमोर कापलीत. मी आत्ता जाऊन पाहिली, तशीच आहे. आणि मशीन चालू आहे, केव्हापासूनचं. मागच्या दाराखालून गारवा येतोय. ताई तर इथे आहे, माझ्यासमोर. त्या खोलीत कुणी नाही. मग खोली गार होतेय कुणासाठी?"

बायकोने ओठ दाबून जोर लावला. बोटं थोडी ढळली, परत जवळ आली. तिने गुडघ्याचा आधार घेतला, एका हातात अंगठा, एका हातात तर्जनी, आणि ओढलं. बोटं अलग झाली.

"थांबलं," बाई म्हणाल्या. "आत्ता, या क्षणाला थांबलं. तुम्ही काही केलंत का?"

"नाही," बंब म्हणाला.

बाईंनी फोन बंद केला.

बायको अजून तशीच बसली होती, त्याचं एकेक बोट एकेका मुठीत धरून. तिच्या दंडाच्या शिरा ताणलेल्या होत्या. तिने त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं, मग आपल्या हातांकडे, आणि तिचाही राग कुठल्या कुठे गेला.

"अहो, ही आतून ओढतायत," ती हळूच म्हणाली. "सोडू का?"

"नको," बंब म्हणाला.